वायसरचा डबा

गेल्या वर्षीच्या मृगातली गोष्ट. दोन दिवस चांगला पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली आणि चौथ्या दिवशी सकाळी रानात वापसा आला. मी त्या गावात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. सोयाबीनच्या बियाण्याला औषध चोळून झाले, बी सावलीत सुकवून झाले. घरधन्यांनी ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडले, घरच्या लक्ष्मीने यंत्राला हळदकुंकू लावले, बांधावर नारळ फुटला. ट्रॅक्टर पुढे निघाला. पण पेरणी यंत्रातून बी पडेना. साखळी गंजून एकजीव झाली होती. खताच्या पेटीचे झाकण उघडले, तर आत मागच्या हंगामातले उरलेले खत दगडासारखे बसलेले, आणि त्याखाली पत्र्याला तळहाताएवढे भोक.

तालुक्याच्या गावी त्या मापाची साखळी मिळाली नाही. गावातली दुसरी यंत्रे ज्याच्या त्याच्या रानात गुंतलेली. सुटे भाग येऊन यंत्र जोडेपर्यंत तीन दिवस गेले, आणि तोवर वरची ओल उडाली. शेजारच्या रानात सोयाबीन दोन पानांवर आले, तेव्हा या घरची माणसे पुन्हा आभाळाकडे बघत बसली होती.

घरधनी मला म्हणाले, "साहेब, आपलं नशीबच खोटं."

मी त्या वेळी काही बोललो नाही. माणूस अडचणीत असताना त्याला शहाणपण शिकवू नये. पण खरे सांगायचे तर यात नशिबाचा काही भाग नव्हता. रासायनिक खत हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. मागच्या साली पेरणी संपली त्याच संध्याकाळी पेटी रिकामी करून दोन बादल्या पाण्याने धुतली असती, उन्हात सुकवली असती आणि साखळीवर वाटीभर तेल सोडले असते, तर हे तीन दिवस वाचले असते. काम फार तर अर्ध्या तासाचे. ते घर आळशी नाही. पहाटे चारला उठणारी माणसे ती. मग हे अर्ध्या तासाचे काम का राहिले? शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे.

बलुत्यात काय होते

आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न पडत नव्हता, कारण अवजारांची काळजी वाहणारी माणसे गावातच होती. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या पुस्तकात ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते. सुतार-लोहाराला प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावरून धान्य मिळे आणि त्याबदल्यात कुणब्याची आउते वर्षभर चालती ठेवायची, असा तो व्यवहार. तिफणीची नळी फुटली, वखराची पास बोथट झाली, फाळाचे टोक गेले, गाडीच्या चाकाची धाव ढिली झाली, की अवजार सुताराच्या किंवा लोहाराच्या दारात जाऊन पडे.

या व्यवहारातली एक खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. आऊत मोडले म्हणून सुताराला शेरभर धान्य जास्त मिळत नसे. उलट त्याचेच काम वाढे. म्हणजे आऊत मोडू नये यातच त्याचे हित होते. पेरणी तोंडावर आली की शहाणा सुतार आपण होऊन विचारी, "पाटील, तिफण आणून टाका, नंतर गर्दी होईल."

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने माणसाचा धंदा जातीने बांधून टाकला आणि कष्टाचे दाम मागायला खळ्यावर हात पसरायला लावला. ती गेली हे बरेच झाले. परंतु ती गेली तेव्हा तिच्याबरोबर एक काम बेवारस झाले, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्याच शतकात अवजारेही बदलली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना उभा केला. लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला त्या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. पुढे अनुभव आला आणि नांगर घरोघर गेला. झिजला की काढून नवा बसवायचा फाळ त्याच्यासोबत आला. त्यामागून तेलाची इंजिने आली, विजेच्या मोटारी आल्या, फवारणी पंप, मळणी यंत्रे आणि ट्रॅक्टर आले. लाकडी नांगर घडवणारा गावातच राहत होता. यंत्र घडवणारा शेकडो कोसांवर राहतो.

आज आपण मेकॅनिकला बोलावतो ते यंत्र बंद पडल्यावर. त्याची मजुरीही यंत्र बंद पडल्यावरच सुरू होते. त्यात त्याची चूक नाही, त्याचे पोट त्या कामावर आहे. पण यंत्र बंदच पडू नये म्हणून झटणारा माणूस आता गावात उरलेला नाही. ते काम आपल्या उंबऱ्याच्या आत आले आहे. यंत्र विकत घेतले त्या दिवशीच आपण आपल्या घरचे सुतार आणि लोहार झालो. पण हे आपल्याला कोणी सांगितले नाही. आम्ही कृषी खात्यातल्या माणसांनीही पुरेसे सांगितले नाही. त्याबद्दल पुढे बोलतोच.

चालू करणे आणि दुरुस्त करणे

दुरुस्त हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ बरोबर, जसे असायला हवे तसे. म्हणजे दुरुस्ती करणे म्हणजे वस्तू जशी असायला हवी तशी करणे. आपण मात्र यंत्र चालू झाले की दुरुस्ती झाली असे म्हणतो. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घातली, तर मोटर चालू होते. पण फ्यूज जातो याचा अर्थ कुठेतरी जास्त प्रवाह ओढला जातो आहे. जाड तार घालणे म्हणजे राखण्या कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. पुढच्या खेपेला तार जळत नाही, मोटरच जळते.

मळणी यंत्राचा पट्टा घसरतो म्हणून वरची जाळी काढली, पट्टा बसवला आणि जाळी तशीच बांधावर ठेवून मळणी सुरू केली. यंत्र चालू झाले, दुरुस्त झाले नाही. एखाद्या बाईचा पदर, एखाद्या पोराचा सदरा त्या पट्ट्यात जायला क्षण लागत नाही. दुरुस्तीसाठी काढलेले झाकण जोवर जागेवर बसत नाही, तोवर दुरुस्ती पुरी झाली असे कोणी म्हणू नये.

अडल्या वेळी सुतळीने, तारेने, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने काम भागवावे लागते. दुकान वीस मैलांवर असले आणि पाऊस डोक्यावर असला की दुसरा इलाज नसतो. त्या अकलेला मी कमी लेखत नाही. पण तो बांधलेला चिंधा त्या दिवसापुरता. काम संपले की योग्य भाग आणून बसवायचा. आपल्याकडे होते असे की चालू झालेले यंत्र विसरले जाते आणि चिंधा पाच वर्षे तसाच राहतो. असा एक चिंधा आमच्या घरीही होता.

दादांची पाठ

१९८३ साल. मी सातवीत होतो. आमच्या घरी पाठीवरचा पितळी फवारणी पंप होता. त्याच्या झाकणाखालचे रबर कधीतरी हरवले होते आणि दादा, म्हणजे माझे वडील, झाकणाखाली खताच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा दाबून काम भागवीत. कपाशीवर फवारणी चालू होती. दादा वाकले की झाकणातून पाणी हिंदकळे आणि पाठीवरून कमरेपर्यंत ओघळे. आम्ही त्याला पाणी म्हणत होतो. ते पाणी नव्हते, आणि आपण औषध म्हणतो तरी ते औषधही नव्हते. ते विष होते.

दुपारी दादा बांधावर बसले. डोके गरगरते म्हणाले. तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, उलटी झाली. चुलत्यांनी बैलगाडी जुंपली. तालुक्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या बघून लगेच अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली. चार दिवसांनी दादा घरी आले. वाचले. पाठीवरची कातडी सोलून निघाली होती आणि तिथला काळपट डाग शेवटपर्यंत गेला नाही.

आई चार दिवस काही बोलली नव्हती. पाचव्या दिवशी दादांना पेज देताना म्हणाली, "अहो, कल्हई गेलेल्या पातेल्यात मी ताक ठेवत नाही, कळकतं म्हणून. पोरांच्या पोटात जाईल म्हणून. आणि तुम्ही ते विष गळक्या भांड्यात घालून पाठीवर वागवलंत?"

दादा काही बोलले नाहीत. पण हिंडूफिरू लागल्यावर पहिले काम त्यांनी केले ते तालुक्याला जाऊन पंपाचे रबर आणण्याचे. त्याची किंमत तेव्हा रुपया-सव्वा रुपया असेल. दादांनी एक नव्हे, चार रबरे आणली, जोडीला वायसर आणले, आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा ओसरीच्या खुंटीला टांगला.

आईच्या बोलण्यात सगळे शास्त्र होते. भांड्यातले अन्न कळकून कोणी आजारी पडेल आणि मग कल्हई लावू, असे घरातली बाई कधी म्हणत नाही. कल्हईवाल्याची आरोळी आली की कथील उडालेली भांडी आपसूक बाहेर येत. कुकरचे रबर सैल झाले, शिलाई मशीन कुरकुरू लागले, की आजही घरातली बाईच आधी ओळखते. ही नजर आपण ओसरीवरून गोठ्याकडे आणि गोठ्यावरून अवजारांच्या खोपीकडे नेत नाही, एवढेच.

आता माझी कबुली. हे सगळे घरात घडलेले असूनही, पुढे शेतकी पदवी घेऊन नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षे मी गावोगाव औषधाचे प्रमाण सांगत हिंडलो. दहा लिटर पाण्यात किती मिली, हे तोंडपाठ सांगत होतो. ज्या पंपातून ते मारायचे त्या पंपाचे झाकण उघडून बघा, असे क्वचितच म्हणालो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागच्या अनेक कारणांची चर्चा झाली: डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन विषांची मिश्रणे, हातमोजे आणि मुखवटा नसणे. ती बातमी वाचताना मला दादांची पाठ आठवली. त्या दिवसापासून कोणत्याही गावात फवारणीची सभा असली की मी आधी सगळ्यांना आपापले पंप घेऊन यायला सांगतो.

पंप असा तपासावा

पंपात आधी साधे पाणी भरून पाठीवर न घेता दाब द्यावा. झाकण, नळीचे सांधे, चावी आणि नोझल या चार जागी बोट फिरवावे. एक थेंब जरी आला तरी वायसर बदलावा. पट्टे कुजलेले असतील तर तेही बदलावेत. भरला पंप पाठीवरून निसटला तर सगळे अंगावर येते.

नोझल चोंदले तर ते तोंडाने फुंकू नये. तारेने किंवा सुईनेही टोकरू नये, भोक मोठे होते. जुना दात घासायचा ब्रश पाण्यात बुडवून त्याने साफ करावे. नोझल झिजते ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नवे नोझल लावून एक मिनिटात किती पाणी पडते ते मापाच्या भांड्यात धरावे. मग त्याच दाबाने जुने नोझल लावून तसेच करावे. जुन्यातून दहा टक्क्यांहून जास्त पाणी पडले तर ते टाकून द्यावे. समजा नव्यातून ५०० मिली पडले आणि जुन्यातून ६००, तर जे फवारणीचे काम पाच बाटल्यांत व्हायला हवे त्याला तुम्ही सहा बाटल्या ओतता आहात. नोझल थोड्या पैशांत येते, सहावी बाटली कितीला पडते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

काम झाले की पंप तीन वेळा धुवावा आणि ते पाणी विहिरीच्या, ओढ्याच्या किंवा गोठ्याच्या जवळ ओतू नये. तणनाशकाचा पंप वेगळाच असावा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला आणि तोच पंप कपाशीवर चालवला, तर पाने आकसून पीक वाया जाते. बॅटरीचा पंप असेल तर हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्या-महिन्याने पुन्हा भरावी. रिकाम्या ठेवलेल्या बॅटरीत पुढच्या साली जीव राहत नाही.

आणि एवढे करूनही कोणाला विषबाधा झालीच, तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, उगाच मीठपाणी पाजून उलटी काढू नये, आणि विषाची बाटली बरोबर घेऊन रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

यंत्र आधी सांगते

बैल आजारी पडण्याआधी रवंथ सोडतो, कान पाडतो, आणि ते आपल्याला लांबून कळते. यंत्रही मोडण्याआधी सांगते. आवाज बदलतो, हात लावला तर नेहमीपेक्षा गरम लागते, जळका वास येतो, हलवले तर खडखड वाजते. हे ऐकायला पदवी लागत नाही, रोजची ओळख लागते.

विजेची मोटर घुमते पण फिरत नाही, तेव्हा तीनपैकी एक फेज गेलेला असतो. अशी मोटर तत्काळ बंद करावी, नाहीतर वाइंडिंग जळते. दाब कमी असताना मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले त्यासाठीच असतो. तो वारंवार पडतो म्हणून बांधून ठेवणे म्हणजे वर सांगितलेली जाड तारच. बरेच जण ऑटो स्विच लावतात. वीज आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, दाब कोसळतो आणि ट्रान्सफॉर्मरवर बोजा पडतो. ट्रान्सफॉर्मर जळला की आठ-आठ दिवस सगळ्यांचेच पीक तहानते. त्याऐवजी मोटरला योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावून घ्यावा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे. आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय, ओल्या हातांनी किंवा अनवाणी पायांनी, स्टार्टरची पेटी उघडू नये. वाइंडिंगसारखी कामे जाणत्यानेच करावीत. आपले काम वेळीच ओळखण्याचे.

विहिरीवरचा पंप रोज पाणी भरल्याशिवाय ओढत नसेल, तर फुटवॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा त्याचे चामडे गेले आहे. आणि एक गोष्ट उलटीही आहे. दोरीचे पॅकिंग असलेल्या पंपात दांड्याजवळून थेंब थेंब पाणी पडायलाच हवे. त्या पाण्यानेच दांडा थंड राहतो. गळती दिसली म्हणून नट पूर्ण आवळला, तर दांडा घासून कायमचा खराब होतो. धार लागली असेल तर मात्र पॅकिंग बदलायचे. कोणती गळती चांगली आणि कोणती वाईट, हे यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका देवघरातल्या पोथीसारखी जपावी. नातवंडांकडून वाचून घ्यावी.

ट्रॅक्टरचा शत्रू धूळ. धुळीच्या कामात एअर क्लिनर रोज बघावा. ज्यात तेलाची वाटी असते, त्यातले तेल चिखलासारखे झाले की वाटी धुऊन नवे तेल घालावे. इंजिनात गेलेली धूळ आतली नळी आणि रिंगा पॉलिश पेपरसारखी घासते, आणि मग जो खर्च येतो तो एका पिकाच्या उत्पन्नाला भिडतो. ऑईल केव्हा बदलायचे ते तारखेवर नव्हे, तासांच्या मीटरवर ठरवावे.

ठिबक हे तर बिनआवाजाचे यंत्र. ते बंद पडते तेव्हा कळतही नाही; झाडे सुकली की कळते. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांत फरक वाढला की फिल्टर धुवावा. नळ्यांची शेवटची तोंडे ठरलेल्या दिवशी सोडून घाण पाणी काढून टाकावे. क्षार बसले असतील तर आम्लाची प्रक्रिया माहितगाराच्या देखरेखीखाली करावी. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. शेवाळासाठी वापरायचे ब्लीचिंग आणि आम्ल एका वेळी कधीच सोडू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

भागीचे घोडे

अलीकडे गटागटांनी अवजारे बँका काढल्या. चांगली गोष्ट आहे. लहान शेतकऱ्याला एकट्याने ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र घेणे परवडत नाही. पण भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. सगळ्यांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नव्हे, असे होता कामा नये. ज्या गटाने यंत्रासाठी एक माणूस नेमला, भाड्यातला ठरावीक हिस्सा देखभालीसाठी बाजूला टाकला आणि धुतल्याशिवाय यंत्र परत घ्यायचे नाही असा नियम केला, त्या गटाची यंत्रे मी टिकलेली पाहिली आहेत. तो नेमलेला माणूस यंत्र चालू राहण्याचे पैसे घेतो, मोडण्याचे नाही. जुन्या बलुत्यातली तेवढी एक चांगली गोष्ट, जात आणि लाचारी बाजूला सारून, आपण पुन्हा आणली असे मी म्हणेन. गावातल्या आयटीआय झालेल्या मुला-मुलींना हे काम देता येईल.

खंडेनवमीचा दिवस

आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेला खांदा हळद-लोण्याने चोळतो. हा नुसता सण नाही, तपासणी आहे. खांद्याला हात लावला की कुठे सूज आहे, कुठे फोड आहे, ते कळते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो. त्या दिवशी हळदकुंकवाच्या आधी यंत्रांचीही खांदेमळणी करावी, असे माझे सांगणे आहे. तेव्हा खरिपाची घाई ओसरलेली असते आणि रब्बीची पेरणी पुढे असते.

सगळी यंत्रे अंगणात काढावीत. माती, खत, तेलकट घाण धुऊन काढावी. प्रत्येक नट पान्याने चाचपावा. ग्रीसच्या जागी जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. लोखंडाच्या पात्यांना वापरलेले ऑईल चोपडावे. विळे, खुरपी, कोयते यांना धार लावून, खिळखिळ्या मुठी बदलाव्यात. काढलेली झाकणे आणि जाळ्या जागेवर आहेत का ते बघावे. जे घरी होणार नाही ते वहीत लिहावे आणि दिवाळीआधी करून घ्यावे. मगच माळ घालावी.

वही म्हणजे पोराची उरलेली शाळेची वही पुरे. एका यंत्राला एक पान. केव्हा घेतले, ऑईल केव्हा बदलले, कोणता भाग केव्हा बसवला, त्याचे माप काय. दुकानात गेल्यावर "तो असा गोल असतो तो द्या" असे हाताने दाखवावे लागत नाही. एकच भाग दर चार महिन्यांनी जातो असे वहीत दिसले, तर दोष त्या भागात नसून दुसरीकडेच आहे हेही उमगते. आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीला येऊन भिडला, की ते यंत्र आता निवृत्त करावे, हेही वहीच सांगते. मोडीत काढण्याची वेळ ओळखणे हाही देखभालीचाच भाग आहे.

आणि वहीच्या जोडीला एक डबा. पंपाचे वायसर आणि झाकणाचे रबर, एक नवे नोझल, फ्यूजची योग्य मापाची तार, पेरणी यंत्राच्या साखळीची जोडकडी, चार नट-बोल्ट, खिट्टीच्या पिना, ठिबकचे जोड, ग्रीसचा लहान डबा, पान्यांचा संच. एवढे सामान बहुतेक घरी थोडे थोडे असतेच, पण वेगवेगळ्या सात ठिकाणी असते. ते एका जागी आणा. डब्यातली वस्तू वापरली की त्याच आठवड्याच्या बाजारात तिची जागा भरा. घरातल्या सगळ्यांना, पोरींना आणि सुनांनाही, डबा कुठे आहे आणि कोणता वायसर कुठे बसतो ते दाखवून ठेवा. पुरुषमाणूस गावाला गेला म्हणून पिकाचे पाणी थांबू नये.

बैल गेला आणि झोपा केला, असे आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. आमच्या घरी बैल जाता जाता राहिला, म्हणून झोपा झाला. दादा त्यानंतर सत्तावीस वर्षे जगले आणि एकदाही गळका पंप त्यांनी पाठीवर घेतला नाही. ते गेल्यावर वाटणीत रान आले, घर आले, तसा तो बिस्किटांचा डबाही माझ्या वाट्याला आला. पत्रा गंजू नये म्हणून दर दसऱ्याला मी त्यावर तेलाचा हात फिरवतो. आतले वायसर मात्र नवे आहेत. पेरणी यंत्र अडलेल्या त्या घरी या वर्षी मी पुन्हा गेलो होतो. ओसरीवर बसलो तेव्हा घरधन्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खुंटीकडे बोट दाखवले. तिथे एक डबा टांगलेला होता. मृगाचा पाऊस यायला अजून दहा दिवस होते.